क्वार्ट्झसाइटचा हिवाळी मुक्काम: वाळवंटातील भटक्या शेजाऱ्यांशी ओळख करून घेण्याचे मार्गदर्शन

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कोलोरॅडो नदीपासून मोटारीने वीसेक मिनिटांच्या अंतरावर, इंटरस्टेट १० आणि हायवे ९५ हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे क्वार्ट्झसाइट हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या अडीच हजारांच्या आतच भरली होती. परंतु जानेवारी महिन्यात गावाभोवतीच्या उघड्या वाळवंटात आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या), व्हॅन, ट्रेलर आणि तंबू यांची एवढी दाटी होते की रात्री हायवेवरून पाहताना मोठे शहर वसल्याचा भास होतो. मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा अशा गोठवणाऱ्या प्रदेशांतून उतरणारे निवृत्त लोक, ज्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात, वर्षभर गाडीतच राहणारे पूर्णवेळ भटके, लॅपटॉपवर नोकरी करणारे तरुण आणि रत्ने-खडे शोधणारे हौशी असे सगळे इथे एकत्र येतात. दिवसाचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस आणि रात्रीचे ५ अंशांच्या आसपास असते, जमीन सरकारी असल्यामुळे मुक्काम स्वस्त पडतो, आणि या दोन कारणांनी हा मेळा दर हिवाळ्यात भरत राहतो.

फिनिक्सहून हे ठिकाण सुमारे २०० किलोमीटरवर आणि लॉस एंजेलिसहून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे त्या भागांत राहणाऱ्या किंवा मुलांकडे हिवाळ्यात आलेल्या मराठी मंडळींना भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन इथे येणे सहज शक्य आहे. गाडी, सोलर आणि पाण्याच्या टाक्या यांविषयी माहिती मुबलक मिळते. माणसांशी ओळख कशी करावी याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि अनेक नवखे लोक हजारो माणसांच्या गर्दीत आठवडा काढून कोणाशीही धड न बोलता परत जातात. ते टाळता यावे यासाठी पुढील पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

१. मेळावा निवडावा, पण त्याच्या आधी पोहोचावे

जानेवारीत क्वार्ट्झसाइटला एकच एक कार्यक्रम नसतो. गावातल्या क्वार्ट्झसाइट इम्प्रूव्हमेंट असोसिएशनचे ‘पाव वाव’ हे खडे आणि खनिजांचे प्रदर्शन १९६० च्या दशकापासून भरते, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात ‘बिग टेंट’ या नावाने ओळखला जाणारा आरव्हींचा भव्य बाजार भरतो. या दोन्ही ठिकाणी गर्दी प्रचंड असते, परंतु ती खरेदीची गर्दी आहे. तिथे गप्पा होतात त्या दुकानदाराशी. ज्याला माणसे जोडायची आहेत त्याने ‘रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू’ किंवा एखाद्या क्लबचा मेळावा पाहावा. रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू हा मेळावा बॉब वेल्स यांनी सुमारे दीड दशकापूर्वी मोजक्या गाड्यांनिशी सुरू केला. कमी पैशांत व्हॅनमध्ये किंवा मोटारीतही कसे राहता येते हे एकमेकांना शिकवणे हा त्याचा गाभा आहे. पुढे स्त्रियांसाठी वेगळा मेळावाही सुरू झाला. एकट्या स्त्रीने प्रथमच येताना तो जरूर विचारात घ्यावा. या मेळाव्यांची जागा आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीची घोषणा तपासून घ्यावी.

क्लबांचे स्वरूप वेगळे असते. के आणि जो पीटरसन या दांपत्याने १९७८ साली स्थापन केलेला ‘एस्केपीज’ हा क्लब जुन्या क्लबांपैकी एक असून नोकरी करत फिरणाऱ्या तरुणांसाठी त्याचाच ‘एक्सस्केपर्स’ हा गट आहे. एस्केपीजमध्ये भेटल्यावर मिठी मारून स्वागत करण्याची जुनी पद्धत आहे. ज्यांना ते अवघड वाटते त्यांनी हसून हात पुढे करावा किंवा सरळ नमस्कार करावा, कोणीही वाईट वाटून घेत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी ‘लोनर्स ऑन व्हील्स’ आणि ‘वाँडरिंग इंडिव्हिज्युअल्स नेटवर्क’ हे गट आहेत, आणि पन्नाशी ओलांडलेल्या एकट्या प्रवाशाला तिथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा लवकर आपलेपणा मिळतो, असे माझे मत आहे.

कोणताही मेळावा निवडला तरी त्याच्या चार-पाच दिवस आधी पोहोचावे आणि तो संपल्यावर निदान चार दिवस थांबावे. मेळाव्याच्या दिवसांत प्रत्येक जण व्याख्यानांना आणि जुन्या मित्रांना धावून जात असतो. शेजाऱ्याशी निवांत बोलण्याचे दिवस असतात ते त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे. तयारीच्या दिवसांत खांब रोवणारे, रस्त्याच्या खुणा लावणारे हात कमी असतात, आणि मेळावा उठल्यावर जे मागे राहतात ते सहसा अजून महिनाभर तिथेच असणारे असतात. ओळख मुरायला लागणारा वेळ त्यांच्याकडे असतो.

२. जमिनीचे नियम आधी समजून घ्यावेत

ही जमीन ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याची आहे. तिच्यावर राहण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे प्लोमोसा रोड, स्कॅडन वॉश, डोम रॉक, हाय जॉली यांसारख्या भागांतला विनाशुल्क मुक्काम; तो २८ दिवसांच्या कालावधीत १४ दिवसांपुरता असतो आणि त्यानंतर २५ मैलांच्या पलीकडे जावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे ‘लाँग टर्म व्हिजिटर एरिया’, म्हणजे लांब मुक्कामासाठी राखलेले भाग. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या संपूर्ण हंगामाचा परवाना अनेक वर्षे १८० डॉलरला आणि सलग १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत आला आहे. दर बदलू शकतात म्हणून जाण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. गावाच्या दक्षिणेला हायवे ९५ च्या दोन्ही बाजूंना पसरलेला ‘ला पोसा’ हा यांतला सर्वांत गजबजलेला भाग असून तिथे पिण्याचे पाणी, कचरा टाकण्याची जागा आणि गाडीच्या टाक्या रिकाम्या करण्याचे डंप स्टेशन आहे.

ओळखींच्या दृष्टीने या दोन मार्गांत मोठा फरक पडतो. विनाशुल्क भागात शेजारी सतत बदलतात आणि वातावरण मोकळे असते. ला पोसामध्ये अनेक जण दरवर्षी त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांबरोबर हंगामभर राहतात, त्यामुळे तिथे शिरकाव सावकाश होतो पण झाला की टिकतो. दोन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर विनाशुल्क भाग बरा, आणि महिनाभर राहता येत असेल तर ला पोसा बरा.

ज्यांच्या गाडीत शौचालय आणि सांडपाण्याची टाकी नाही त्यांनी ला पोसामध्ये सार्वजनिक शौचालयापासून ५०० फुटांच्या आत मुक्काम करायचा असतो. हा नियम कागदावर राहू देऊ नये. सांडपाणी जमिनीवर सोडणाऱ्याविषयी दुसऱ्या दिवसापर्यंत आसपासच्या सगळ्यांना कळलेले असते, आणि मग कितीही गोड बोलले तरी त्या माणसाजवळ कोणी खुर्ची टाकत नाही.

३. गाडी कशी लावावी, यातच पहिली ओळख होते

नवखा माणूस बोलायला लागण्याआधीच त्याची गाडी बोलून गेलेली असते. वस्तीत शिरताना वेग चालण्याइतका ठेवावा. इथली माती पिठासारखी बारीक आहे, आणि वेगाने गेलेल्या गाडीमागे उडालेला धुरळा बाहेर बसून कॉफी पिणाऱ्यांच्या कपात जातो. या धुळीत ‘व्हॅली फीवर’ या फुप्फुसाच्या आजाराची बुरशीही असू शकते, त्यामुळे जुन्या रहिवाशांची नाराजी निव्वळ स्वच्छतेपोटी नसते.

जागा निवडताना दुसऱ्याच्या गाडीचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो ते पाहावे. दरवाजासमोरची मोकळी जमीन, जिथे चटई, खुर्च्या आणि शेकोटीची दगडी चौकट असते, ती त्या घराचे अंगण समजली जाते. तिथे कुंपण नसले तरी तिच्यातून चालत जाऊ नये, आणि आपली गाडी त्या अंगणाकडे तोंड करून लावू नये. ला पोसाच्या नियमानुसार दोन गाड्यांमध्ये किमान १५ फूट अंतर हवे, परंतु हे अंतर माणसांच्या सोयीला फारच अपुरे आहे. याचे एक साधे कारण सूर्याची उंची हे आहे. जानेवारीच्या मध्यावर इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंशांवर असतो, त्यामुळे तीन मीटर उंचीच्या व्हॅनची सावली दुपारी बारा-साडेबारालासुद्धा उत्तरेकडे चार मीटरांहून लांब पडते आणि सकाळ-संध्याकाळ तिची लांबी दुपटी-तिपटीने वाढते. शेजाऱ्याचे सोलर पॅनल त्या सावलीत आले तर त्याचा फ्रिज आणि श्वसनाचे यंत्र ज्या बॅटरीवर चालते ती भरत नाही. म्हणून जागा प्रशस्त असेल तिथे वीस-पंचवीस मीटर अंतर सोडावे, इतरांच्या दक्षिणेला उंच गाडी लावू नये, आणि जनरेटर असेल तर त्याचा धूर वाऱ्याबरोबर कोणाच्या खिडकीकडे जातो हे तपासावे.

इंजिन बंद करण्यापूर्वी खाली उतरून सर्वांत जवळच्या शेजाऱ्याला विचारावे, “मी इथे गाडी लावली तर तुम्हाला अडचण होईल का? तुमच्या पॅनलवर सावली येणार नाही ना?” हा प्रश्न इथे फार मोलाचा आहे. विचारणाऱ्याला वाळवंटातल्या राहणीची जाण आहे हे त्यातून कळते, शेजाऱ्याला नकार देण्याची मोकळीक मिळते, आणि दहापैकी नऊ वेळा तो स्वतः उठून गाडी कुठे वळवावी हे हाताने दाखवू लागतो. पहिले संभाषण तिथेच झालेले असते.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात मात्र गाडी कधीही लावू नये, ती जागा कितीही सपाट आणि एकांताची दिसली तरी. या ओढ्यांना इथे ‘वॉश’ म्हणतात, आणि दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी त्यांतून अचानक वाहत येते.

४. पहिले दोन दिवस: दिसत राहावे

ओळखीचे वेळापत्रक सूर्य ठरवतो. जानेवारीत इथे सूर्योदय पावणेआठच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सकाळी नऊ ते साडेदहा आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास या दोन वेळांत लोक बाहेर असतात, कुत्र्यांना फिरवतात, पॅनल पुसतात, पाण्याच्या कॅनी उतरवतात. या दोन्ही वेळी वस्तीतल्या रस्त्यांवरून सावकाश फेरी मारावी आणि रोज तोच मार्ग धरावा. पहिल्या दिवशी हात हलवला जातो, दुसऱ्या दिवशी हवेविषयी दोन वाक्ये होतात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी थांबवून नाव विचारते. दर दिवशी नवा मार्ग धरणाऱ्याला ही चढण रोज पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते.

आपल्या गाडीबाहेर निदान दोन खुर्च्या मांडाव्यात, एकटे असलो तरी. रिकाम्या दुसऱ्या खुर्चीमुळे येणाऱ्याला थांबावेसे वाटते. इतरांच्या बाबतीतही हीच खूण वाचावी: खुर्च्या बाहेर आहेत, गाडीला जोडलेले कापडी छत उघडलेले आहे आणि माणूस रस्त्याकडे तोंड करून बसला आहे, तर बोलायला हरकत नाही, पडदे ओढलेले आहेत, दार बंद आहे किंवा माणूस पाठ करून बसला आहे, तर पुढे जावे. बंद दारावर टकटक करणे इथे फक्त अडचणीच्या प्रसंगी योग्य मानले जाते, कारण आत राहणाऱ्याला पोलीस किंवा चोर याखेरीज कोण दार वाजवणार असे वाटण्याची सवय शहरांतल्या अनुभवांनी लागलेली असते.

फेरीला निघताना खिशात एक जाड दातांचा कंगवा ठेवावा. इथल्या ‘चोया’ निवडुंगाचे काटेरी तुकडे बुटाला, पायाला आणि कुत्र्याच्या पंजाला चिकटतात आणि बोटांनी काढायला गेले की बोटांतच रुततात. कंगव्याचे दात तुकड्याखाली सरकवून झटका दिला की तो निघतो. लंगडणाऱ्या कुत्र्याच्या मालकाजवळ योग्य वेळी कंगवा घेऊन पोहोचलेला माणूस परका राहत नाही. आपल्याबरोबर कुत्रा असेल तर तो कायम दोरीने बांधलेला हवा. ला पोसामध्ये ही दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही.

५. काय विचारावे आणि काय विचारू नये

हा भाग मराठी माणसाला सर्वांत जड जातो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे नवी ओळख झाली की गाव कुठले, काय करता, मुले किती, घर स्वतःचे आहे का, असे प्रश्न आपुलकीने विचारले जातात, आणि न विचारणाराच तुटक वाटतो. इथे याच प्रश्नांनी समोरचा माणूस मिटतो. क्वार्ट्झसाइटला आलेल्या माणसांपैकी काहींनी हौसेने घर विकलेले असते, परंतु अनेकांचे घर भाडेवाढीत, घटस्फोटात, आजारपणाच्या बिलांत किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर गेलेले असते. बाहेरून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. “तुम्ही असे का राहता?” हा प्रश्न पहिल्याला कौतुकाचा वाटेल आणि दुसऱ्याला जखमेवर बोट ठेवल्यासारखा लागेल. ज्याला सांगायचे असते तो तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी आपण होऊन सांगतो, आणि तेव्हा सल्ला न देता ऐकून घ्यावे.

त्याऐवजी गाडीविषयी विचारावे. बॅटरी कोणती आहे, पॅनल किती वॉटचे आहेत, छत आतून कसे अस्तरले, स्वयंपाकाचा ओटा स्वतः बनवला का, या प्रश्नांवर प्रत्येक जण तासभर बोलू शकतो, कारण त्या प्रत्येक फळीमागे त्याचा हात आणि विचार असतो. दुसरा उत्तम प्रश्न म्हणजे “उन्हाळ्यात तुम्ही कुठे असता?” या एका प्रश्नाच्या उत्तरात माणसाचे वर्ष उलगडते: कोणी उंचावरच्या जंगलात सरकारी कॅम्पग्राउंडची देखरेख करतो, कोणी शरद ऋतूत नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटच्या हंगामाला जातो, कोणी नातवंडांच्या अंगणात गाडी लावून राहतो. मुले, नोकरी आणि पैसा यांविषयीची जेवढी माहिती तो देऊ इच्छितो तेवढी त्यातून मिळते.

नावाच्या बाबतीत पहिल्या नावावर थांबावे. काही जण रस्त्यावरचे टोपणनावच सांगतात, तेच वापरावे. आडनाव विचारू नये. सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना आपली जीभ अडखळते हे खरे, परंतु इथे काका-काकूंचा पर्याय नाही आणि ‘सर’ म्हटले की अंतर वाढते. आदर दाखवायचा असेल तर नाव लक्षात ठेवावे. दुसऱ्या दिवशी माणसाला आणि त्याच्या कुत्र्यालाही नावाने हाक मारणाऱ्याची आठवण राहते. आपले नाव सांगताना ते लहान करून, सोपा उच्चार एकदा म्हणून दाखवावा आणि चुकीचा उच्चार दोनदा दुरुस्त करून पुढे जावे.

फोटो आणि व्हिडिओ यांबाबत नियम कडक समजावा: चेहरा, गाडीचा नंबर आणि गाडीचा आतला भाग विचारल्याशिवाय टिपू नये. काही स्त्रिया हिंसक नवऱ्यापासून दूर आलेल्या असतात, काहींच्या नोकरीतल्या मालकाला त्या गाडीत राहतात हे माहीत नसते. नवख्याने केलेल्या एका उत्साही चित्रफितीने असे माणूस उघडे पडू शकते.

६. शेकोटीजवळ

सूर्य मावळला की थंडी झपाट्याने उतरते आणि शेकोट्या पेटतात. बहुतेक खऱ्या गप्पा इथेच होतात. दूर जळणारी शेकोटी पाहून सरळ जाऊन बसू नये, प्रकाशाच्या कडेवर थांबून “मी बसलो तर चालेल का?” असे विचारावे. मेळाव्यातल्या सार्वजनिक शेकोट्या याला अपवाद आहेत, तिथे विचारण्याची गरज नाही. अंधारात चालत जाताना डोक्यावरचा दिवा जमिनीकडे वळवावा किंवा लाल प्रकाशावर ठेवावा, कारण पांढरा झोत तोंडावर पडला की सगळ्यांचे डोळे दिपतात.

खुर्ची, कप आणि पेय आपले आपण न्यावे. शिवाय दोन ओंडके न्यावेत. ला पोसामध्ये स्थानिक सरपण गोळा करण्यास आणि जवळ ठेवण्यासही मनाई आहे. वाळवंटातल्या ‘आयर्नवूड’ आणि ‘मेस्कीट’ या झाडांना वाढायला फार काळ लागतो आणि त्यांच्या वाळल्या फांद्यांतही पक्षी-प्राण्यांचा आसरा असतो. म्हणजे जळणारे प्रत्येक लाकूड कोणीतरी गावातून विकत आणलेले असते. आणलेले ओंडके आगीत स्वतः टाकू नयेत. ज्याची शेकोटी त्याच्या पायाशी ठेवावेत. आग कशी रचायची हा मालकाचा हक्क असतो, आणि तो अनेकांना जपायचा असतो.

पहिल्या संध्याकाळी ऐकण्यावर भर द्यावा. राजकारण निघाले तर त्यात उडी घेऊ नये. वर्तुळात कायम एखादा गप्प माणूस असतो. नवख्याने त्याच्या शेजारी बसावे, कारण बोलक्या माणसाभोवती आधीच गर्दी असते आणि गप्प माणसाला हळू आवाजात विचारलेला एखादा साधा प्रश्न पुरेसा असतो. लोक लवकर झोपतात. आठ-साडेआठला खुर्च्या मिटायला लागल्या की आपणही उठावे; दहा ते सहा हे अधिकृत शांततेचे तास आहेत, पण प्रत्यक्षात वस्ती त्याच्या बरीच आधी निजते.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. शेकोटीभोवती गांजा फिरू शकतो. ॲरिझोना राज्यात प्रौढांना तो २०२० च्या मतदानानंतर कायदेशीर झाला असला, तरी ही जमीन केंद्र सरकारची आहे आणि केंद्रीय कायद्याने तो निषिद्धच आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाच्या पुढच्या अर्जांवर याचा गंभीर परिणाम होऊ शकतो, म्हणून नम्रपणे “नको, धन्यवाद” म्हणावे. कारण कोणी विचारत नाही.

७. पंगतीला काय न्यावे

मेळाव्यांत आणि शेजाऱ्यांतही पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेले सामाईक जेवण, वारंवार होते. आपले पदार्थ इथे आवडीने खाल्ले जातात, परंतु निवड विचारपूर्वक करावी. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी अमेरिकेत बरीच आढळते आणि आपला कूट डोळ्यांना दिसत नाही. साबुदाण्याची खिचडी किंवा कूट घातलेली कोशिंबीर नेली तर भांड्यासमोर चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘शेंगदाणे आहेत’ असे इंग्रजीत लिहिलेच पाहिजे. कूट वगळून केलेले कांदेपोहे, कमी तिखटाची मुगाची खिचडी किंवा गोडाचा शिरा हे सुरक्षित पदार्थ आहेत. शिऱ्यात तूप आहे, पोह्यांत मोहरी आहे, तिखट किती आहे, हेही लिहावे. आपली ताटली आणि चमचा न्यावा आणि परत आणून धुवावा, कारण इथे पाण्याचा प्रत्येक लिटर कोणीतरी कॅनीतून वाहून आणलेला असतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आल्याचा चहा मोठ्या पातेल्यात ठेवणे हा शेजाऱ्यांना बोलावण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आदल्या दिवशी चार-पाच जणांना सांगावे, आपापला कप आणा म्हणावे, आणि साखर वेगळी ठेवावी.

८. हाताला काम घ्यावे

ज्याला गप्पा सुरू करणे जमत नाही त्याने काम मागावे. मेळाव्यात गाड्या लावून देणे, खुर्च्या मांडणे, कचरा उचलणे यांसाठी स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात, आणि दोन तास एकत्र काम केलेल्या माणसांना एकमेकांची नावे विचारायला निमित्त लागत नाही. आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्यापेक्षा दिंडीत पाणी वाटणाऱ्याला जशी अधिक माणसे ओळखतात, तसेच हे आहे. सोलरची जोडणी, शिवणकाम, संगणक, प्राथमिक वैद्यकीय ज्ञान, गिटार किंवा पेटी, यांपैकी जे येत असेल ते सूचनाफलकावर लिहून लावावे. नको असलेल्या वस्तू ठेवण्याची आणि हवी ती उचलण्याची सामाईक जागाही मेळाव्यांत असते. तिथे वस्तू नीट लावत बसणाऱ्याशी येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलतो.

वाऱ्याचा दिवस विशेष लक्षात ठेवावा. जोराचा वारा सुटला की सगळे आत बसतात, छते फाटतात, पॅनल उलटतात, खुर्च्या दोनशे मीटर लांब जातात. वारा पडल्याबरोबर बाहेर पडून उडालेल्या वस्तू गोळा कराव्यात आणि दारोदार विचारून परत द्याव्यात. दार वाजवण्याचे हे योग्य कारण आहे.

ज्यांना निमित्ताने फिरायला आवडते त्यांनी ओळख झालेल्या एक-दोघांना गावातल्या स्मशानभूमीतल्या हाय जॉलीच्या स्मारकाकडे चलण्याविषयी विचारावे. अमेरिकी सैन्याने १८५० च्या दशकात वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली, म्हणजेच हाय जॉली, हा उंटवाला इथेच १९०२ साली वारला, आणि त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड व त्यावर धातूचा उंट आहे.

९. स्वतःची काळजी

नव्या माणसाशी पहिल्या भेटी दिवसाउजेडी आणि उघड्यावर ठेवाव्यात; त्याच्या गाडीत जाणे किंवा त्याला आपल्या गाडीत बोलावणे पुढच्या टप्प्यावर सोडावे. गाडी निघायला सोयीची अशी, तोंड रस्त्याकडे करून लावावी. आपण एकटे आहोत, किती दिवस बाहेर आहोत, गाडीत काय आहे, हे पहिल्या भेटीत सांगण्याची गरज नसते. पैसे उसने मागणारा ओळख होताच भेटला तर देऊ नयेत, जेवण द्यावे. मनाला पटत नसेल तर कारण न सांगता मुक्काम हलवावा, चाकांवर राहण्याचा तो मोठाच फायदा आहे.

मोबाइलचे जाळे जानेवारीत गर्दीमुळे तुंबते आणि संदेश तासभर उशिरा पोहोचतात, म्हणून भेटीची वेळ आणि जागा तोंडी ठरवावी. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करावे: नदीपलीकडच्या ब्लाइदमध्ये हिवाळ्यात एक तास कमी असतो आणि नदीजवळ फोन आपोआप वेळ बदलत राहतो, त्यामुळे व्याख्याने आणि चहाची आमंत्रणे चुकतात. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या प्रौढांनी आपली कागदपत्रे जवळ ठेवणे कायद्याने आवश्यक आहे, आणि दक्षिणेकडच्या युमा शहराच्या बाजूने हायवे ९५ ने येताना बॉर्डर पेट्रोलची तपासणी चौकी लागू शकते.

१०. निघण्यापूर्वी

जुने भटके ओळखपत्रासारखे छोटे कार्ड छापून ठेवतात, ज्यावर पहिले नाव, गाडीचे चित्र आणि ईमेल एवढेच असते. असे पन्नासेक कार्ड छापून न्यावेत, आणि मिळालेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे त्याच संध्याकाळी दोन शब्द लिहावेत: कुठे भेटलो, कुत्र्याचे नाव काय, कशाविषयी बोललो. निघण्याच्या दिवशी न सांगता जाऊ नये. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे एक फेरी मारावी, उरलेले सरपण आणि पाणी ज्याला हवे त्याला द्यावे, आणि पुढे कुठे जाणार ते विचारावे. मार्च उजाडला की लोक उष्म्यापासून दूर, अधिक उंचीवरच्या प्रदेशांकडे सरकू लागतात. त्याआधी काही जण युमाकडे, काही एरेनबर्गकडे, तर काही कॅलिफोर्नियातल्या स्लॅब सिटीकडे जातात, जिथले वातावरण अधिक बेबंद आहे आणि पहिल्याच हंगामात तिकडे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. दोन-तीन गाड्या एकत्र निघत असतील आणि त्यांनी सोबत येण्याविषयी विचारले तर जावे. निदान पुढच्या एका मुक्कामापर्यंत. सोबत गेल्यावरही गाडी थोडी दूर लावावी आणि दर दोन दिवसांनी “अजून चालेल ना?” असे विचारून घ्यावे. ज्यांच्याशी पुन्हा भेटायचे आहे त्यांच्याबरोबर पुढच्या जानेवारीतला आठवडा आणि प्लोमोसा रोड की ला पोसा एवढे ठरवून ठेवावे, आणि ऑक्टोबरमध्ये त्या ईमेलवर एक ओळ पाठवून येण्याची खात्री करून घ्यावी.